शर्वरीला कोंडलं तो एपिसोड

“खाली उतर. पडलीस तर उचलायला मी येणार नाही,” ताई म्हणाली.

मी स्टुलावर चवड्यांवर उभी होते आणि माळ्यावरच्या वायरींच्या ढिगात खांद्यापर्यंत हात घातला होता. “येशील गं. तुझ्याशिवाय मला आहे कोण?”

ती हसली नाही.

सकाळपासून मी तिला हसवायला काय काय केलं होतं! पी.टी.च्या सरांची नक्कल केली. शेजारच्या बागल काकू शिंकताना देवाचं नाव कसं घेतात ते करून दाखवलं. गॅदरिंगचा नाच केला, तोही मुलग्यांचा. भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीनं दाद दिली असती. ताई पलंगाच्या कडेला तशीच बसून होती, पाय खाली सोडून, कुठल्याही क्षणी उठून जायचं असल्यासारखी.

आता मी दहावीत आहे आणि शाळेत माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. तेव्हा सातवीत होते. घरात माझं कुणी ऐकायचं नाही.

हर्षदाताई सासरहून आली त्याला आठवडा होऊन गेला होता. एकटी आली, एसटीनं, एक पिशवी घेऊन, पायात घरात घालायच्या स्लिपर. का आलीस म्हटलं की, “मला परत जायचं नाही.” का जायचं नाही म्हटलं की भिंतीकडं बघायची. आल्यापासून ताप होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “पाणी भरपूर प्यायचं.” पण तांब्या पुढं ठेवला तरी ही चिमणीसारखा एक घोट घ्यायची आणि झाकण लावून ठेवायची.

आईनं तिची उलटतपासणी घेतली होती, माझ्यासमोरच.

“पितात का?”

“नाही.”

“हात उचलतात?”

“नाही.”

“बाहेर कोण आहे का त्यांचं?”

“नाही.”

“मग?”

आई म्हणाली, “हर्षे, कारण सांग, नाहीतर जा. बिनकारणाची लेक घरात ठेवली तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहील का मला?” आणि रविवारी जावईबापू, म्हणजे आमचे विश्वजीतदाजी, आपल्या मामांना घेऊन तिला न्यायला येणार असं ठरलंसुद्धा.

आज शनिवार. माझ्या हातात एक दुपार होती. मला ताई घरात हवी होती, बस्स. ती एकदा हसली की बोलेल आणि बोलली की कारण निघेल, असं माझं सरळ गणित होतं. आणि ताईला हमखास हसवणारी, रडवणारी, वेड लावणारी जगात एकच गोष्ट होती, ती माझ्या हाताला लागली.

“सापडला!” मी सीड्यांचा गोल डबा खाली ओढला. वर धूळ आणि पपांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, ‘उंबरा शर्वरीचा’.

पपा विट्यातले केबलवाले. आता कुणी केबल घेत नाही, ते इंटरनेटच्या वायरी ओढत फिरतात. पण मी लहान होते तेव्हा गावात त्यांचा रुबाब होता. संध्याकाळी नेमकं मालिकेच्या वेळेला लोडशेडिंग व्हायचं आणि वीज गेली की सगळ्या गल्ल्यांतून बायकांचे फोन. म्हणून पपा आमच्या इन्व्हर्टरवर रोजचा भाग उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गावच्या चॅनलवर लावायचे. ‘शर्वरी’ लागली की विट्यात दुपारी दळणसुद्धा कुणी टाकत नसे, असं गिरणीवाले काका सांगायचे.

“ते नको लावूस,” ताई म्हणाली.

“एकच भाग. तुझा आवडता.”

“गौतू, नको.”

“आवडला नाही तर बंद. आईशप्पथ.”

ती परत भिंतीकडं वळली. मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

प्लेअर दोन थपडा खाऊन सुरू झाला. शीर्षकगीत वाजलं आणि माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. समया, रांगोळी, उंबऱ्यावर आलत्याची पावलं आणि हातात आरतीचं तबक घेऊन वळणारी शर्वरी. पाच-सहा वर्षांची असताना मला वाटायचं, देवी दिसते ती अशीच.

मग ती बोलायला लागली आणि माझं तोंड पडलं.

एक वाक्य बोलायची, की ढण्ण. मग सासूचं तोंड, ढण्ण. जावेचं तोंड, ढण्ण. मग सासऱ्यांचं, जे नुसते पेपर वाचत होते, त्यांचंही ढण्ण. बंगला म्हणून जो दिसायचा त्याची भिंत दार आपटलं की हलत होती! स्वयंपाकघरात तेलाचा डाग नाही. आणि शर्वरी नथ घालून झोपलेली.

“ताई, ही नथ घालून झोपलीय! उशीत अडकत नसेल?”

ताई भिंतीकडंच बघत होती.

“आणि तो फुलदाणीतला गुलाब बघ. मघाशी सासूच्या खोलीत होता. गरीब बिचारा, एकटाच दोन्ही खोल्यांत ड्यूटी करतोय.”

तिचा ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला. मला हुरूप आला. पण मनातून मी हिरमुसले होते. हे? ह्याच्यासाठी मी गृहपाठ टाकून बसायचे? पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नसावी तसं काहीतरी होत होतं. सगळं होतं तसंच होतं, आणि काहीच राहिलं नव्हतं.

शीर्षकगीत ऐकून आई सुपात शेंगा घेऊन आली आणि दारातच थबकली. “अगंबाई! शर्वरी! कुठं सापडली गं?”

“माळ्यावर.”

“आवाज वाढव.” आई भिंतीला टेकून बसली, शेंगा फोडायला लागली, आणि आठवड्यात पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली. तिला भिंत हलताना दिसत नव्हती. ती वाक्यं शर्वरीच्या आधी म्हणत होती. “आता जाऊ म्हणणार, ‘पांढऱ्या पायाची.’ बघ. म्हणाली का नाही?”

मला हसू आलं. “आई, तू हिच्यासाठी नवस बोलली होतीस ना?”

“मग! सासरच्यांनी हाकलून दिली होती पोरीला. म्हटलं, देवी, हिला परत घरात घे, तुझी ओटी भरीन. आणि त्याच आठवड्यात घेतली का नाही? मी आणि बागल वहिनी जाऊन खणानारळानं ओटी भरून आलो.” आईनं ताईकडं बघितलं. “काय काय सोसलं हिनं. पण टिकली. म्हणून शेवटी किल्ल्या हिच्याच कमरेला आल्या.”

तो टोमणा होता. ताई बोटांनी चादरीचा दोरा ओढत राहिली.

पडद्यावर शर्वरी बॅग घेऊन माहेरी निघाली. आई सरसावून बसली. “हाच! हाच तो एपिसोड! हर्षे, तुझा गं!”

खरंच तिचाच होता. ह्या भागाचा आम्ही खेळ खेळायचो. ती शर्वरी आणि मी पपांची टोपी घातलेला रणधीर, तिचा नवरा. रणधीर जिन्यावरून धावत येतो, तिच्या हातातली बॅग फेकतो, तिला दंडाला धरून खोलीत ढकलतो आणि बाहेरून कडी घालतो. मग दाराला पाठ लावून, डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, “ज्या घरात तू नाहीस, त्या घराला दार हवंय कशाला?” आमच्या भागातल्या दोन रिक्षांच्या मागं हे वाक्य रंगवलेलं होतं. ताईनं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं आणि मार खाल्ला होता.

रणधीरनं शर्वरीला ढकललं. कडी. मग तीच कडी पुन्हा, दुसऱ्या बाजूनं. मग पुन्हा, संथ गतीनं, घुमणाऱ्या आवाजासकट.

ताई उठली.

मला वाटलं बाथरूमला चालली. तिनं बाहेरचं दार सताड उघडलं आणि त्याला पायपुसणं अडकवलं. मग खिडक्या. मग स्वयंपाकघरात गेली आणि मागच्या दाराचा अडसर काढल्याचा आवाज आला. टळटळीत ऊन घरात घुसलं, टीव्हीवर नुसता उजेड.

“अगं, काय करतेस? दिसत नाही काही,” आई म्हणाली. “लाव ते दार.”

ताई मधल्या दारात येऊन उभी राहिली. “आई, शर्वरीला किती वेळ कोंडलेलं असतं?”

“तीन भाग. मग तो स्वतः जेवणाचं ताट घेऊन—”

“मग ती बाथरूमला कुठं जाते?”

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी खुदकन हसले. मला वाटलं ताई जोक करतेय! जमलं बाई एकदाचं, असं मनात आलं.

“काहीतरीच तुझं,” आई म्हणाली. “सीरियल आहे ती.”

“तेच म्हणते मी. सीरियल आहे. आमच्या घरी बाथरूम परसात आहे आई. तू बघितलंयस. दाराच्या बाहेर, विहिरीजवळ. सकाळी मायलेक, हे आणि सासूबाई, त्यांच्या दुकानात जातात ते बाहेरून कुलूप लावून. संध्याकाळी दुकान बंद करून येतात तेव्हा उघडतात.”

माझं हसू तोंडातच राहिलं.

“रोज?” मी विचारलं.

“बाजाराच्या दिवशी उशीर होतो,” ताई म्हणाली. “मी पाणी प्यायचं सोडलं. आदल्या रात्रीपासूनच नाही प्यायचं, म्हणजे निभतं. मग ताप यायला लागला. त्या दिवशी सासूबाई मधेच चष्मा न्यायला आल्या आणि जाताना कुलूप लावायचं विसरल्या. मी होते तशी निघाले.”

“अगं मग हे सांगायचं नाही का?” आई म्हणाली. “मी घसा फोडून विचारतेय—”

“सांगितलं होतं. संक्रांतीला. फोनवर.”

टीव्हीवर शर्वरी दार बडवत होती.

“तू काय म्हणालीस सांगू? ‘अगं, रणधीरनं नव्हतं का कोंडलं? जीव असतो गं पुरुषाचा.’ आणि फोन न ठेवताच बागल काकूंना सांगितलंस. आमचे जावई पोरीला नजरेआड होऊ देत नाहीत म्हणून. दोघी हसलात. मला ऐकू येत होतं.”

मी आईकडं बघितलं. वाटलं, आता ती उठेल, ताईला पोटाशी धरेल, पपांना फोन लावेल, उद्या कुणी यायचं नाही म्हणून सांगेल. आईनं रिमोट शोधला. तो सुपातल्या टरफलांखाली होता. तिनं टीव्ही बंद केला.

“पण... मारत तर नाहीत ना?” ती म्हणाली. “एकटी बाई घरात, दिवस कसले आलेत. काळजीनंच लावत असतील. मी बोलते. जावईबापूंना बाजूला घेऊन सांगते. परसाकडचं दार मोकळं ठेवा म्हणते. पण तू उद्या त्यांच्यासमोर हे काढू नकोस हर्षे. मामा असणार. संडास-बाथरूमच्या गोष्टी का माणसं करतात चारचौघांत?”

आणि ताई हसली. मोठ्यांदा. जे हसू काढायला मी सकाळपासून माकडचाळे करत होते ते असं निघालं, आणि मला दोन्ही कान झाकून घ्यावेसे वाटले.

संध्याकाळी पपा आल्या आल्या मी त्यांना गच्चीवर गाठून सगळं सांगितलं. ते हातातल्या वायरीचं वेटोळं करत राहिले. “आई बोलणार आहे ना त्यांच्याशी? मग झालं. मोठ्यांचं मोठ्यांना बघू दे, गौतू.” त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला कळलं की तेही घाबरलेत, आणि त्यानं मला जास्तच भीती वाटली. ताईला वाचवायला ह्या घरात कुणीच नव्हतं.

रविवारी आईनं पहाटेच पपांना मटण आणायला पिटाळलं. वाटण, खोबरं, तांबडा रस्सा. जावयाचं करायचं ते सगळं साग्रसंगीत. ताईला जरीची साडी नेसायला लावली आणि पिशवी भरून दाराशी ठेवली. मी ती दोनदा आत नेली. आईनं दोनदा बाहेर आणली.

दाजी आले ते हसतच. माझ्यासाठी मोठं चॉकलेट. “काय मेहुणीबाई, किती उंच झालात! आमच्या डोक्याला डोकं लावणार आता.” पपांच्या पाया पडले, आईच्या पाया पडले. त्यांचे मामा, आप्पासाहेब, जाडजूड, गोड बोलणारे. सगळे म्हणतात विश्वजीतसारखा पोरगा नाही, आणि खरंच, त्यांच्याकडं बघितलं की तसंच वाटायचं.

पाट मांडले. पपा, दाजी, मामा जेवायला बसले. आई वाढत होती. मी पाणी द्यायला. ताई स्वयंपाकघराच्या दारात, अर्धी आत, अर्धी बाहेर.

मी आईकडं बघत होते. आता बोलेल, मग बोलेल. आई म्हणत होती, “अजून एक भाकरी घ्या. रस्सा झणझणीत नाही ना झाला?”

“एक नंबर झालाय,” मामा म्हणाले. “वहिनी, जेवण झालं की निघतो आम्ही. दिवस मावळायच्या आत पोचायला बरं.”

“हो हो,” पपा म्हणाले.

आई पदराला हात पुसत होती, पुसतच होती. मी ओळखलं. ती बोलणार नाही. जेवण होईल, विडा होईल, जीप सुरू होईल.

“दाजी,” मी म्हणाले. “तुमच्याकडं बाथरूम परसात आहे ना?”

“गौतमी!” आई ओरडली. “माणसं जेवतायत!”

“असू द्या हो आई, लहान आहे,” दाजी म्हणाले. “हो, परसात. का? यायचंय का राहायला?”

“मग तुम्ही कुलूप लावून गेल्यावर ताई कुठं जाते?”

पपांनी भाकरी मोडायची थांबवली. मामा हसले. “कुलूप? कसलं कुलूप रे विश्वजीत?”

मला वाटलं दाजी गडबडतील. खोटं बोलतील, चिडतील. तेवढं झालं असतं तरी मी पुढं काहीतरी बोलले असते. पण दाजी जराही गडबडले नाहीत. त्यांनी नळीचा तुकडा ताटात ठेवला आणि समजावून सांगावं तसं म्हणाले, “अहो मामा, एकटी असते ना ती. काळजी वाटते. जीव आहे म्हणून लावतो.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “आणि तिची गैरसोय होईल असं मी करीन का? आत बादली ठेवून जातो की. झाकणाची. मुद्दाम झाकणाची आणली, वास नको यायला म्हणून.”

ताईनं डोळे मिटले. हे तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं.

मामांनी मान खाली घातली. दाजींनी घास केला आणि रश्श्यात बुडवला.

आई त्यांच्यासमोर भाकरीची टोपली घेऊन उभी होती. तिनं टोपली खाली ठेवली. वाकली. मला वाटलं अजून वाढतेय. तिनं दोन्ही हातांनी दाजींचं ताट धरलं आणि त्यांच्यासमोरून उचललं.

आमच्याकडं वैऱ्यालाही कुणी भरल्या ताटावरून उठवत नाही. आणि हा जावई. त्यांचा हात तसाच, घास धरलेला, ताट नसलेल्या जागेवर. त्यांना कळेना तो घास कुठं ठेवायचा.

“अहो, काय करताय?” पपा म्हणाले.

आईनं ताट मोरीत नेऊन उपडं केलं. मटण, भाकरी, सगळं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दाजींचा चेहरा, पहिल्यांदा हसू नसलेला. “परत न्यायला मी येणार नाही. नाक घासत आणून सोडावी लागेल तुम्हाला.” मामांचं “वहिनी, हे बरं नाही झालं.” जीप सुरू झाल्याचा आवाज, आणि पपा त्यामागं अनवाणी धावलेले, माफी मागायला. उजवा हात रश्श्यानं माखलेला, त्यामुळं त्यांना धड हातही जोडता येत नव्हते. बागल काकू दारात येऊन बघत होत्या.

पपा परत आले ते दारातच मटकन बसले. “काय केलंस हे? आता पुढं काय?”

“मला माहीत नाही,” आई म्हणाली.

“लोकांना काय सांगायचं? हिनं जन्मभर—”

“मला माहीत नाही म्हटलं ना!”

आई ओरडली. ती दाजींच्या रिकाम्या पाटाशेजारी बसली, सांडलेल्या रश्श्यात. “मला खरंच वाटलं गं, जीव आहे त्याचा,” ती म्हणाली. “हर्षे, मला खरंच तसं वाटलं.”

ताई दारातच उभी होती, जरीच्या साडीत. मी वाट बघत होते की ती आता आईजवळ जाईल. ती गेली नाही. तिनं काही झालं नाही असंही म्हटलं नाही, आणि चुकलीस असंही नाही.

मग म्हणाली, “आई, मला भूक लागलीय. वाढ.”

आईनं जमिनीवर हात टेकले आणि उठली.